अर्ध्या जोडीचा रकाना

८ मार्च

दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, "काका, राग आला की तोंड उघडू नका, आधी वहीत लिहा. रक्तदाब आपोआप उतरेल." लेक सासरी गेली तेव्हा तिची शाळेची वही मागे राहिली होती, तिची शेवटची पानं कोरी आहेत. त्यात लिहितोय. नर्सबाईंनी आमच्या घरातली माणसं बघितलेली नाहीत, नाहीतर एका वहीवर भागेल असं त्यांना वाटलं नसतं.

पण आज राग नाही. आज बरं चाललंय. कुठल्याशा संस्थेची एक मुलगी घरोघर फिरत होती, हातात टॅब. गावाने लगेच तिचं नाव टॅबवाली ठेवलं. आमच्याकडे येणार असं कळल्यावर मी धुतलेला शर्ट घातला, मास्तरांकडून खुर्ची मागून आणली. आलेल्या माणसासमोर रडगाणं गायची आमच्यात पद्धत नाही. तिने विचारलं, खाण्यापिण्याचं कसं आहे? म्हटलं, कशाची कमी नाही. दाराआडून ही डोळे मोठे करत होती, मी तिकडे बघितलंच नाही.

"जनावरं?" 

"जोडी आहे दारात."

"दोन्ही बैल तुमचे?"

"मग काय शेजाऱ्याचे?"

ती हसली आणि म्हणाली, दोघांना धरून उभे राहा, फोटो घेते. मी नुकतेच रानातून आणलेले दोन्ही बैल हौदावर पाणी पीत होते. मधे उभा राहिलो, एका हातात पांढऱ्याचा कासरा, दुसऱ्यात तांबड्याचा. आता तांबड्या तसा धाकट्या भावाचा. वाटण्या झाल्या तेव्हा घरं दोन झाली, अंगणात कमरेएवढी भिंत आली, जमीन अर्धी अर्धी झाली. माझा दुसरा बैल मी गेल्या वर्षी विकला आणि घरावर पत्रा टाकला. तेव्हापासून माझा एक, त्याचा एक, आणि नांगर एकच. दोघांची रानं आम्ही मिळून नांगरतो. थोरला जिवंत असताना धाकट्याचं वेगळं असं काय असतं? फोटो झकास आला.

२९ मार्च

नर्सबाई, घ्या. आजपासून खरं लिहायला सुरुवात.

यादी लागली. धाकट्याचं नाव आहे. माझं नाही! चावडीसमोर टॅबवाली समजावून सांगत होती: ज्यांच्या घरावर गवताचं छप्पर आहे आणि ज्यांच्याकडे नांगराचं जनावर नाही, अशा घरांना संस्था रोख पैसे देणार. दोन हप्त्यांत, थेट फोनवर. कर्ज नाही, परत करायचे नाहीत, कशावर खर्च करायचे ते ज्याचं त्याने ठरवायचं. लोकांनी तिला तीन तीन वेळा विचारलं, बदल्यात काय लागेल? जमीन लिहून घेणार का? ती म्हणाली, काहीही नाही. मागून कोणीतरी ओरडलं, "आयला, मग मीही पत्रा काढून टाकतो," आणि सगळे माझ्याकडे बघून हसले. गेल्या वर्षीपासून मला गावात पत्रेवाला म्हणतात.

म्हणजे पोटाला चिमटा घेऊन, हातचा बैल विकून ज्याने डोक्यावर पत्रा टाकला तो श्रीमंत. आणि जो दर पावसाळ्यात घरात भांडी मांडून बसतो तो गरीब. बसला असेल, पण म्हणून त्याला बक्षीस?

आणि त्याच्याकडे जनावर नाही म्हणे! तांबड्या काय शेळी आहे? धाकट्याने बैल लपवला, दुसरं काय. दिसतो गरीब गाईसारखा. तोंडातून शब्द निघत नाही, पण डोकं बघा कसं चालतं. अंगाचा नुसता तिळपापड झालाय.

६ एप्रिल

त्याच्या फोनवर पैसे आले. कसं कळलं? दुकानदाराने सकाळी त्याला "या शेठ" म्हटलं आणि काल ज्या भावात साबण दिला त्याहून चढ्या भावात आज दिला. धाकट्या भावजयीच्या माहेरचे कोणी लांबचे दोघे दुपारपर्यंत हजर. गेल्या पाच वर्षांत त्यांना ह्या घराचा रस्ता सापडला नव्हता.

धाकटा भिंतीपलीकडून हाक मारून आत आला. आईसाठी चपला आणल्या होत्या, मऊ तळव्याच्या. आईने लगेच घातल्या आणि घरातल्या घरात चालून दाखवलं. बरोबर टोपलीभर अंडी. मी अंडी परत पाठवली. म्हटलं, आम्ही श्रीमंत लोक, आम्हाला दान चालत नाही. ही म्हणाली, "तुम्हाला नसतील चालत, आम्हाला चालतात." तरी पाठवली.

तो दारात घुटमळला. "दादा, तांबड्याचं जरा..."

"तांबड्याचं काय? तुझ्याकडे बैल आहे कुठे?"

मान खाली घालून गेला. बोलेल कसा, चोरी पकडली ना.

ता.क. तांबड्या हल्ली चालताना ढेपाळतो, नांगराच्या तासाच्या मध्येच उभा राहतो, मागचा डावा पाय टेकवत नाही. नुसता माज. मालकाच्या घरात पैसा आला की जनावरालाही कळतं.

११ एप्रिल

आज गोठ्यात गेलो तर धाकटा माझ्या पांढऱ्याजवळ! हातात सुतळी. खांद्यापासून जमिनीपर्यंत माप घेत होता, सुतळीला गाठ मारत होता. मला बघून दचकला. विचारलं, काय चाललंय? म्हणाला, काही नाही, सहज.

सहज म्हणे. माझ्या बैलाचं माप सहज? विकत घ्यायचाय का मला, बैलासकट?

१४ एप्रिल

सगळं कळलं. दूधवाल्याने सांगितलं. पलीकडच्या वस्तीवर एका म्हाताऱ्याकडे धाकट्याने बैल पसंत केलाय. अर्धे पैसे देऊन टाकले, उरलेले दुसरा हप्ता आला की. सुतळी घेऊन चार गावं फिरला म्हणे, पाचव्या ठिकाणी पसंत पडला.

म्हणजे तांबड्या आणि हा नवा, झाली त्याची जोडी. मग दादा कशाला हवा? वडील गेले तेव्हा हा सोळा वर्षांचा होता. नांगराच्या मुठीवर हात कसा ठेवायचा, कुठे दाबायचं, कुठे सैल सोडायचं, ते सगळं मी शिकवलं. अजूनही मूठ मीच धरतो, तो बैलांपुढे चालतो. आणि आता फुकटाच्या पैशावर जोडी करून वेगळा होतोय. एका बैलावर मी काय करणार? रान पडीक राहणार. पुढच्या वर्षी खायचं काय, पत्रा?

तळपायाची आग मस्तकात गेली. भिंतीजवळ जाऊन सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं बोललो. म्हटलं, जू माझं, नांगर माझा. आजपासून तुझा तांबड्या माझ्या जुवाला नको.

"दादा, ऐकून तरी घे."

"ऐकायचं काय राहिलंय? तुझी सुतळी बोलली सगळं!"

धाकटी रडायला लागली. त्याने एकदा आभाळाकडे बघितलं आणि आत गेला. आई नव्या चपला काढून हातात घेऊन बसली होती. म्हणाली, "तुला कान दिले होते मी. कुठे हरवलेस?"

वहीत लिहून राग उतरत नाही, नर्सबाई. आणखी चढतो.

२० एप्रिल

दूधवाल्याचा बैल मागून आणला. तो बैल त्याने गाडीशिवाय कधी कशाला जुंपलेला नाही, आणि तो माझ्या पांढऱ्यापेक्षा वीतभर बुटका. जू तिरकं, नांगर तिरका, तास तर असं वाकडं की साप गेल्यासारखं. बुटका खाली दबतो, पांढऱ्याच्या मानेवर सगळा भार. दुपारपर्यंत त्याची मान सोलली. चार तासं झाली आणि बुटक्याने मधेच बसून घेतलं. बांधावरून जाणारे थांबून बघत होते, जणू तमाशाच लागलाय. एकजण म्हणाला, "पत्रेवाले, आता ह्यालाही पत्रा ठोका, उंच होईल."

धाकटाही बांधावर उभा होता. पांढऱ्या घसरला तेव्हा धावत आला, जू धरायला हात पुढे केला. मी ओरडलो, हात लावायचा नाही! तो थांबला. बराच वेळ पांढऱ्याच्या सोललेल्या मानेकडे बघत होता, माझ्याकडे नाही.

आणि त्याचा तांबड्या? सावलीत बांधलेला, काम नाही धाम नाही. धाकटी घमेल्यात कोमट पाणी घेऊन त्याचा मागचा पाय धुते. दोन वेळा! पाय धुऊन फडकं बांधतात. आमच्या लग्नात माझे पाय कोणी इतक्या मनापासून धुतले नव्हते. पैसा आला की असली थेरं सुचतात.

२४ एप्रिल

आज संस्थेच्या कचेरीत जाऊन आलो. दोन बस बदलून. हिला सांगितलं, दवाखान्यात चाललोय.

टॅबवाली नव्हती. एक साहेब होते, शांत माणूस, पंख्याखाली बसलेले. मी सांगितलं, माझ्या धाकट्या भावाकडे बैल आहे, त्याने लपवला. त्यांनी तक्रारीचा कागद पुढे सरकवला. रकाने होते: जनावर आहे, जनावर नाही. मालकाचं नातं. मी धाकट्याच्या बाबतीत "आहे" वर खूण केली. खाली सही. माझ्या स्वतःबद्दलही लिहिलं, की माझ्याकडे एकच बैल आहे, माझाही विचार व्हावा. साहेब म्हणाले, चौकशी होईल.

बाहेर आलो, चहा प्यायलो. खरं बोललो, त्यात वाईट वाटायचं कारण नाही. तरी चहा कडू लागला. दूध नासकं असेल.

९ मे

पंधरा दिवस वही उघडली नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं. रान अर्धवट, दूधवाला बैल परत घेऊन गेला.

आज टॅबवाली आली. मी खूष. म्हटलं, आता लागेल निकाल. तिने माझ्यासमोर टॅब धरला. त्यावर मी! धुतलेला शर्ट, छाती पुढे, दोन्ही हातांत कासरे. खाली लिहिलेलं: बैल दोन, मालक थोरला भाऊ.

"काका, हे तुम्हीच सांगितलंत. मी दोनदा विचारलं होतं. तुमच्या भावाच्या घरी मी गेले तेव्हा ते रानात होते. त्यांच्या बायको म्हणाल्या, बैल दादांच्या दारात आहेत, दादांना विचारा. म्हणून तुम्हाला विचारलं."

मी म्हटलं, फोटो चुकीचा आहे. ती म्हणाली, फोटो तुमचाच आहे. मी म्हटलं, माझाच आहे, पण चुकीचा आहे! काय बोलतोय ते माझं मलाच कळेना.

मग तिने सांगितलं की तुमच्या तक्रारीमुळे भावाचा दुसरा हप्ता थांबवलाय. आणि तुमचं नाव तरीही येणार नाही, कारण पत्रा आहे. म्हणजे दोघेही बाहेर. हे सांगताना तिचा चेहरा असा झाला होता की जणू तिनेच काही चोरलंय.

ती गेल्यावर ही पदर खोचून समोर उभी राहिली. तीस वर्षांच्या संसारात हिला असं बघितलं नव्हतं.

"झालं समाधान? तांबड्याचा खूर सडलाय. दोन महिने झाले. गुरांचे डॉक्टर येऊन बघून गेले, पाय वाचेल पण नांगराला तो आता लागणार नाही. तुमच्या पांढऱ्याला जोडीदार पाहिजे म्हणून भावजी सुतळी घेऊन गावोगाव फिरले. खांद्याला खांदा लागला पाहिजे ना! स्वतःच्या घरावर अजून गवत आहे, आणि पहिल्या हप्त्यातून माणसाने काय घेतलं, तर तुमच्या बैलाला जोडीदार. म्हाताऱ्याने महिनाअखेरची मुदत दिलीय. पैसे नाही दिले तर बैल दुसऱ्याला, आणि दिलेले अर्धे बुडाले."

"मग मला सांगितलं का नाही?"

"चार वेळा आले सांगायला! चारही वेळा तुम्हीच बोललात."

मी ओरडलो. म्हटलं, सगळ्यांना माहीत होतं, आईला, तुला, धाकटीला, डॉक्टरला, मलाच तेवढं नाही! ह्या घरात मी कोण आहे? नर्सबाईंची आठवण झाली, म्हणून इथे येऊन बसलोय. पण काय लिहू, कोणाचा राग लिहू?

१० मे

सकाळी भिंत ओलांडून गेलो. पंधरा-सोळा पावलं असतील. महिन्याभरात गेलो नव्हतो.

तांबड्याचा पाय उचलून बघितला. खुराच्या बेचक्यात एवढी जखम, कडा काळ्या पडलेल्या, वास. आणि मी लिहिलं, माज. ह्या वहीतच लिहिलंय, वर आहे, खोडावं असं वाटलं पण तसंच ठेवलं. असल्या पायाने तो माझ्या रानात चार दिवस चालला. मी मागून मुठीवर दाब देत होतो आणि वर शिव्याही घालत होतो.

धाकटा कडब्याची पेंढी घेऊन आला. म्हणालो, मी तक्रार केली. म्हणाला, "माहीत आहे."

"मग बोल काहीतरी."

"काय बोलू? तांबड्या माझाच आहे. तू खरं तेच लिहिलंस."

एवढंच. राग नाही, आवाज चढला नाही. मला वाटत होतं, ह्याने मला दोन शिव्या घालाव्यात, पेंढी फेकून मारावी. हा तसाच उभा, हातातली पेंढी सोडवत. इतका चांगुलपणा माणसाला छळायलाच असतो की काय! मी तिथून पळून आलो म्हटलं तरी चालेल.

१३ मे

पुन्हा दोन बस. पुन्हा तेच साहेब, तोच पंखा.

आधी सरळ सांगून बघितलं. म्हटलं, साहेब, एक बैल माझा, एक त्याचा. एकट्या बैलाने कोणी नांगरतो का? त्याच्याकडे जनावर आहे हे खरं, आणि त्याच्याकडे नांगराची सोय नाही हेही खरं. माझंही तसंच. आम्ही दोघं मिळून एक शेतकरी आहोत.

ते खरंच लक्ष देऊन ऐकत होते. मग म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. पण इथे आहे किंवा नाही, एवढंच भरता येतं."

"अर्धा आहे असं लिहा."

"अर्ध्याचा रकाना नाही."

"मग करा एक! टॅब तुमचा, कागद तुमचा, पैसे तुमचे, रकाना तेवढा आकाशातून पडतो का?" आवाज चढला. बाहेर बसलेल्या बायका आत डोकावल्या. साहेब म्हणाले, ते वरून ठरतं. मी विचारलं, वर म्हणजे कुठे? वर राहणाऱ्यांनी कधी एका बैलाने नांगर धरलाय?

मग मी म्हटलं, ठीक आहे, तक्रार मागे घेतो. म्हणाले, मागे घेता येत नाही. तक्रार खोटी होती असं लिहून दिलं तर नवी पाहणी होते. आणि खोटी तक्रार करणाऱ्याचं घर पुढे कुठल्याही यादीत धरलं जात नाही, कायमचं. "नीट विचार करा, काका."

विचार काय करायचा. लिहिलं. दोन्ही बैल माझे आहेत, भावाचं चांगलं झालेलं बघवलं नाही म्हणून खोटी तक्रार केली. भावाचं बघवलं नाही हे तर साहेबांनीही सांगितलं नव्हतं, मीच घातलं. सही केली, अंगठाही दिला.

खरं सांगायला गेलो तेव्हा पंधरा दिवस चौकशी आणि दोन घरांचं नुकसान. खोटं लिहून दिलं तर पाच मिनिटांत शिक्का, वर पिण्याचं पाणी विचारलं. कसली माणसं आहेत ही? वाईट नाहीत हो, तेच तर. वाईट असती तर कॉलर तरी धरली असती.

१९ मे

पाहणी झाली. सगळं लिहून ठेवतो, कारण हे मला विसरायचं नाही.

काल संध्याकाळी धाकट्याकडे गेलो आणि तांबड्याचं दावं सोडलं. म्हटलं, उद्या साहेब येतील, हा माझ्या गोठ्यात दिसला पाहिजे. तू फक्त गप्प राहा, गप्प राहणं तुला जमतं. तांबड्याच्या पायावरचं फडकं त्याने सोडून नवं बांधलं, एवढंच.

सकाळी साहेब आणि टॅबवाली आले. दोन्ही बैल माझ्या दावणीला. मी कागदावर लिहिलं तेच तोंडाने सांगितलं. साहेब निघतच होते, तेवढ्यात भिंतीपलीकडे धाकटा खोकला. नुसता खोकला. तांबड्याने कान टवकारले आणि हंबरडा फोडला. दावं ताणून, तो दुखरा पाय टेकवत, भिंतीकडे ओढ घ्यायला लागला. खुंटी हलायला लागली.

"हा तिकडे का ओढतोय?" साहेबांनी विचारलं.

"धाकटा लाडावतो त्याला. पेंड चारतो चोरून. माझी जनावरं बिघडवून ठेवलीत." इतकं सहज बोललो की माझीच मला लाज वाटली.

साहेबांनी धाकट्याला बोलावलं. तो भिंत ओलांडून आला आणि गोठ्याच्या तोंडाशी उभा राहिला. तांबड्याने मान लांब करून तोंड त्याच्या काखेत खुपसलं. ह्याची आई वासरू टाकून मेली होती. धाकट्याने ह्याला बाटलीने दूध पाजून वाढवलंय, कडेवर घेऊन फिरायचा. सगळ्या वस्तीने बघितलंय ते.

"हा बैल तुझा आहे का?"

टॅबवाली टॅबकडे अशी बघत होती की जणू त्यात काहीतरी बुडतंय. मी मनात म्हणत होतो, बोल रे बाबा, दोन शब्द बोल.

"नाही," तो म्हणाला. "दादाचा आहे."

आणि बोलताना त्याने हात खाली घेतले, तांबड्याला लावले नाहीत. बैल मात्र काखेतून तोंड काढेना.

टॅबवालीने लिहून घेतलं. जाताना माझ्याजवळ थांबली, मग साहेबांच्या मागून निघून गेली.

ते वळणाआड गेले आणि धाकटा फुटला. सोळा वर्षांचा असल्यापासून साठवलेलं सगळं. "आधी तुझ्या मोठेपणापायी माझा बैल तू तुझा केलास. मग रागापायी माझ्या गळ्यात बांधलास. आणि आज तुझ्या उपकारापायी माझ्या तोंडून वदवून घेतलंस की तो माझा नाही! मला विचारलंस? एकदा तरी विचारलंस का रे, की तुला काय पाहिजे? मला नको होता तो हप्ता ह्या भावात! पुन्हा माझ्या वतीने एक शब्द बोललास तर दादा म्हणणार नाही तुला, सांगून ठेवतो!"

शेजारची माणसं बाहेर आली. मी उभा होतो. तोंडात मारल्यासारखा, पण खरं सांगायचं तर दहा तारखेपासून पहिल्यांदा धड श्वास घेतला. त्याने दावं सोडलं आणि तांबड्याला भिंतीच्या तुटक्या भागातून हळूहळू घेऊन गेला, प्रत्येक पावलाला थांबत.

त्याचं सगळं खरं आहे. माझं चुकलं, एकदा नाही, प्रत्येक वेळी. पण चुकलेला मी एकटा नाही आणि हे मी लिहिणारच. कोणी ठरवलं की माणसाला मदत पाहिजे असेल तर त्याने आपल्या हाताने वाढवलेलं जनावर चारचौघांत नाकारायचं? आम्ही एकमेकांच्या आधाराने उभे राहतो, आणि मोजायला येणारा आधी दोघांना लांब लांब उभं करतो, मग म्हणतो, आता बघू कोण पडतं. पैसे चांगले आहेत. धाकटीच्या घरात ह्या महिन्यात कोणी अर्धपोटी झोपलं नाही, आईच्या टाचा भेगाळलेल्या नाहीत, हे मी डोळ्यांनी बघितलं. पैशांबद्दल माझी तक्रार नाही. पण मोजणाऱ्या बाबांनो, मोजायच्या आधी पाच मिनिटं अंगणात बसा की रे, आम्ही कसे राहतो ते बघा.

हात दुखतोय. एवढं सलग कधी लिहिलं नव्हतं.

२ जून

हप्ता आला. मुदत उलटून दोन दिवस झाले होते, पण म्हाताऱ्याने बैल ठेवला होता. नवा बैल करड्या रंगाचा, थोडा चक्रम, पण पांढऱ्याच्या खांद्याला खांदा अगदी बरोबर. केसाचाही फरक नाही.

धाकटा अजून माझ्याशी बोलत नाही. कामापुरतं बोलतो, तेही हिच्यामार्फत. "दादाला सांगा, उद्या उजाडताच." मी उजाडायच्या आधी जाऊन बसलो होतो.

आज नवी जोडी पहिल्यांदा जुंपली. जू सरळ बसलं. सवयीने मी नांगरामागे गेलो, मूठ धरली. धाकटा बैलांपुढे गेला नाही. माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि मुठीवर, माझ्या हाताशेजारी, हात ठेवला.

"सोड," म्हणाला.

मी सोडली. पुढे जाऊन कासरा धरला आणि त्याच्या जागेवर चालायला लागलो. बैलांपुढून चालताना मागे काय चाललंय ते दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. इतकी वर्षं त्याला तेवढंच मिळत होतं. पहिलं तास संपल्यावर मागून आवाज आला, "वळव." मी वळवलं.